निंबोळी योजनेच्या अहवालात न आलेलं

आमच्या निंबोळी योजनेचा शेवटचा अहवाल निघाला तो इतका बारीक, की गणपतराव तो हातात घेऊन म्हणाले, "सर, बाकीचा मागून येऊन राहिला का?" बाकीचं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते अहवालात घालण्यासारखं नव्हतं. फसलेला प्रयोग सिंकमध्ये ओतून देता येतो. त्याचा किस्सा मात्र ओतता येत नाही, तो दरवर्षी थोडा वाढतोच. आम्ही जुनी मंडळी कुणाच्या सत्काराला भेटलो की मागच्या रांगेत बसतो, आणि पुढे भाषण रंगात आलेलं असताना नेमकं आमच्यातलं कुणीतरी फिस्सकन हसतं!

तर आधी मंडळींची ओळख. काळ सत्तरच्या दशकातला. नागपुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या. डॉ. मोहरील सर आमचे प्रमुख. कडुनिंबाच्या निंबोळीतला कडू भाग वेगळा काढायचा, तो पिकावर फवारून कीड जाते का ते बघायचं आणि मलमात घालून खरूज जाते का तेही बघायचं, ही त्यांची कल्पना. शेती, औषध आणि रसायन, तिन्ही एका झाडावर!

अर्क काढायचं काम माझं. औषधाची बाजू विमल रामटेके मॅडमची. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या त्या पहिल्या एम.एस्सी., आणि जीभ अशी धारदार की आमचं अर्धं काचसामान त्यांना भिऊनच फुटत असावं. आणि प्रयोगशाळा खऱ्या अर्थाने चालवणारे गणपतराव, आमचे लॅब अटेंडंट.

दिल्लीने योजनेला तीन वर्षं दिली होती. तिसऱ्या वर्षी कमिटी येणार, बघणार आणि पुढे चालू ठेवायची की गुंडाळायची ते ठरवणार. चालू राहिली तर माझी पीएच.डी. पुरी. गुंडाळली तर अर्धा प्रबंध रद्दीत, आणि मी घरी हातमागावर. आमचं घर विणकरांचं. पण मी मागावर बसलो की धागे जोडण्यापेक्षा तोडायचोच जास्त, त्यामुळे माझी पीएच.डी. व्हावी असं माझ्यापेक्षा माझ्या वडिलांना वाटत होतं.

*

मोहरील सरांची जीभ हे आमच्याकडचं सगळ्यात नाजूक उपकरण होतं. अर्काचे आम्ही वेगवेगळे भाग पाडायचो, त्यांना फ्रॅक्शन म्हणायचो. सर काचेच्या कांडीचं टोक जिभेला लावून कुठलं फ्रॅक्शन ते ओळखायचे. असं करू नये हे ते स्वतःच आम्हाला शिकवायचे.

एकदा बाहेरगावचे दोन प्राध्यापक आले होते. गणपतरावांनी चहा केला. आमच्याकडे चहा बीकरमध्येच व्हायचा. त्यासाठी एक बीकर वेगळा काढलेला होता, त्यावर लाल रंगाची खूण होती. त्या दिवशी घाईत गणपतरावांनी खूण बघितली नाही.

पाहुण्यांनी एकेक घोट घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. मग एकजण मोठ्या धीराने म्हणाले, "वा! काढा आहे का?" दुसऱ्यांनी अर्धा कप संपवला. माणूस फारच सुसंस्कृत असला पाहिजे. रामटेके मॅडमनी कप नाकापर्यंत नेला आणि शांतपणे खाली ठेवला.

सरांनी पेपर वाचता वाचता सगळा कप रिकामा केला आणि मान वर न करता म्हणाले, "सुधाकर, आज फ्रॅक्शन चार कालपेक्षा शुद्ध आलंय. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं. पुढे ते खरंही निघालं!

*

फ्रॅक्शन पाडायला उंच काचेची नळी असते. वरून अर्क सोडायचा, खाली थेंब थेंब पडतो. आधी बिनरंगी, मग फिकट, आणि मग एकदम पिवळा. हा पिवळा थेंब पडला की लगेच भांडं बदलायचं, नाहीतर दिवसाची मेहनत वाया. सर वर्गावर गेले की गणपतराव स्टूल टाकून नळीसमोर बसायचे. त्यांना सांगून ठेवलेलं, "पिवळं आलं की हाक मारा."

गणपतरावांचा आवाज भजनात तयार झालेला. खिडकीतून त्यांनी पहिल्यांदा "सर, पिवळं आलंऽऽऽ!" म्हणून हाक दिली तेव्हा समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. सर फळ्यावरचं समीकरण अर्धं टाकून, हातात खडू तसाच ठेवून, जिन्यावरून धावत सुटले.

हे पोरांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्या आठवड्यापासून सरांचं लेक्चर जड व्हायला लागलं की मैदानावरून कुणीतरी गळा काढायचं, "सर, पिवळं आलंऽऽऽ!" आणि सर धावायचे. वर येऊन बघतात तर गणपतराव शांतपणे तंबाखू मळत आहेत!

असं चार-पाच वेळा झाल्यावर मी न राहवून म्हटलं, "सर, पोरं गंमत करतात. तुम्हाला गणपतरावांचा आवाज ओळखू येत नाही का?"

"येतो ना," सर धापा टाकत म्हणाले. "पण पोरांनी हाक मारली तेव्हाच खरंच पिवळं आलं असलं तर?"

*

आता ईथरचं ऐका. ईथर हा द्रव पस्तीसेक अंशांवर उकळतो. आमच्या परदेशी पुस्तकात लिहिलेलं, बाटली खोलीच्या तापमानाला ठेवावी. लिहिणाऱ्याने मे महिन्यातली नागपुरातली खोली बघितली नसावी! बूच काढलं की बाटली आधी सुस्कारा टाकायची आणि मग तिच्यातलं ईथर डोळ्यादेखत कमी व्हायचं. आमचा फ्रीज त्या वर्षी बिघडलेला.

सगळ्या कॉलेजात एकच थंड जागा होती, प्रिन्सिपलांची खोली. तिथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. गणपतरावांनी तिथल्या शिपायाशी संधान बांधलं आणि आम्हाला न विचारता बाटली कूलरच्या टाकीत नेऊन बुडवली. बूच जरा ढिलं होतं.

प्रिन्सिपल जेवणानंतर खुर्चीतच डुलकी काढायचे, वीस मिनिटांची. त्या दिवशी ते दोनला झोपले. तीन वाजले, चार वाजले. बाहेर सह्यांसाठी माणसं ताटकळली. शिपाई आत डोकावला आणि जांभया देत बाहेर येऊन स्टुलावर बसला. शेवटी रामटेके मॅडमच्या नाकाला वास आला. त्यांनी रुमाल तोंडाला धरून कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाटली पदराखाली घालून बाहेर आणली.

पाचच्या सुमाराला प्रिन्सिपल जागे झाले. त्यांनी आळस दिला, चष्मा लावला, कूलरकडे प्रेमाने बघितलं आणि शिपायाला म्हणाले, "हा वाळा कुठून आणला रे? पुढच्या वर्षीही त्याच दुकानातून आणायचा!"

*

मलमाचं काम रामटेके मॅडम एका वस्तीत करायच्या. खरूज जायची, यात शंका नाही. पण त्या मलमाला जो वास होता त्याचं वर्णन मी आजवर कुणाला करू शकलेलो नाही.

पंधरा दिवसांनी तपासणीला एक गृहस्थ आले. हात स्वच्छ. मॅडम खुशीत. कार्ड भरायला घेतलं.

"खाज गेली?"

"गेली ना, बाई. पुरीच गेली."

"आणखी काही फरक?"

"बायकोबी गेली. मायेरी." ते खाली बघून म्हणाले. "म्हने, एक तं थे डबी ठेवा, नाई तं मले."

कार्डावर 'इतर परिणाम' असा रकाना होता. मॅडमनी प्रामाणिकपणे भरला.

त्यांच्याच मागे रांगेत एक बाई उभी होती. तिची खरूज तर आदल्या खेपेलाच गेलेली. मॅडमनी विचारलं, "तुला आता काय हवं?"

"आणखीन एक डबी दे वं बाई."

"काहून? बरी झाली ना तू?"

ती बाई इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "हे लावलं की माही सासू माह्याजवळ येतच नाई!"

*

पारशिवनीकडे एकदा शेतकऱ्यांचा मेळावा होता. सरांना बोलावलेलं. एका मोठ्या कडुनिंबाखाली सतरंजी, आणि त्याच्याच बुंध्याला फळा टेकवलेला. सरांनी त्यावर निंबोळीतल्या कडू द्रव्याची रचना काढली. षट्कोनाला षट्कोन, त्याला पंचकोन, फळा पुरेना. तासभर बोलले. लोक अगदी शांत होते, काही तर डोळे मिटून ऐकत होते.

शेवटी सरांनी विचारलं, "काही शंका?"

पुढे बसलेला एक म्हातारा उठला. त्याने आधी फळ्याकडे बघितलं, मग मान वर करून झाडाकडे बघितलं.

"साहेब, आमी तं आमच्या बुढीच्या काळापासून याचा पाला धान्यात टाकून राहिलो. येकच पुसाचं होतं." त्याने झाडाकडे बोट केलं. "हे तुमी काहाडलं, थे याले मालूम हाय का?"

परतीच्या जीपमध्ये सरांनी खडूचे हात रुमालाला पुसले. मग एकदम म्हणाले, "सुधाकर, तुझ्या तोंडी परीक्षेला या माणसाला बोलवू नकोस."

*

आणि मग तिसरं वर्ष आलं, आणि कमिटी आली.

आमचं शेत भिवापूरला होतं, नामदेवराव नावाच्या शेतकऱ्याचं. मिरचीचे तीन वाफे केले होते. एकावर आमचा निंबोळी अर्क, दुसऱ्यावर बाजारातलं औषध, आणि तिसऱ्यावर काहीच नाही. हा तिसरा तो कंट्रोल. प्रत्येक वाफ्याला पाटी. नामदेवरावांना तिसरा वाफा पहिल्यापासून सलत होता. "याचा काय गुन्हा हाय, सर?" असं त्यांनी तीनदा विचारलं. सरांनी समजावलं की हा मेला तरच बाकीचे औषधाने जगले हे सिद्ध होतं. नामदेवरावांनी शब्द दिला आणि अख्खा हंगाम पाळला. कमिटीच्या आधी मी जाऊन बघून आलो. कंट्रोलची पानं मुरडलेली, झाडं खुरटलेली. ते बघून मला इतका आनंद झाला की नामदेवरावांच्या बायकोने माझ्याकडे संशयाने बघितलं.

कमिटीचे अध्यक्ष जाडजूड भिवयांचे, दिल्लीचे. प्रयोगशाळेत माझ्या वह्या त्यांनी उघडल्यासुद्धा नाहीत. म्हणाले, "कागज बहुत देखे हैं. मुझे कंट्रोल दिखाइए."

भिवापूरला पोचलो तर शेतात मांडव! हिरव्या फांद्यांचा, खाली शेणाने स्वच्छ सारवलेलं, रांगोळी, आसनं, पत्रावळी. नामदेवराव हात जोडून पुढे आले. आधी जेवण, मग शेत. उपाशी पाहुण्याला शेत दाखवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. पाटवडीचा रस्सा, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. अध्यक्ष खूश होऊन जेवायला लागले.

मी बसल्या जागेवरून वाफे मोजले. निंबोळीचा वाफा, पाटीसह. औषधाचा वाफा, पाटीसह. तिसरा दिसेना. मग माझं लक्ष मांडवाच्या खांबाकडे गेलं. तिथे 'कंट्रोल'ची पाटी होती, झेंडूचा हार घातलेली. सरकारी पाटी, फेकायची कशी!

मी सरांकडे बघितलं. सरांनीही पाटी बघितली होती. रामटेके मॅडम एकाग्रतेने भाकरी मोडत होत्या.

"अब कंट्रोल दिखाइए," अध्यक्ष म्हणाले.

मी घाईघाईने पाण्याचा तांब्या उचलला. शेवटी नामदेवरावच पुढे झाले आणि नम्रपणे म्हणाले, "साहब, आप उसीच पे बैठे हो."

अध्यक्षांनी पत्रावळीखाली बघितलं.

"रागावू नका, सर," नामदेवराव आमच्या सरांकडे वळले. "अख्खा हंगाम हात नाई लावला, तुमच्या शब्दाले जागलो. पन दिल्लीचे पाव्हने येऊन राहिले, अन् थे रोगट झाडं समोर ठेवू? येक पान धड नोयतं. येक मिरची नाई धरली. घरातलं बिमार मानूस मी पाव्हन्याच्या समोर आनून बसवीन का? काल सकाळीच उपटला. अन् बसाले दुसरी जागा तरी कुठची काहाडू? बाकी दोन वाफे तं मिरचीनं लदलदले हायेत, त्याइले हात लावाले जीव होत नाई!"

रामटेके मॅडमनी ते सगळं हिंदीत सांगितलं, शब्दन् शब्द, बिमार माणसासकट.

अध्यक्ष बराच वेळ सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिले. मग उरलेल्या दोन वाफ्यांकडे. मग त्यांनी बोटाने ठेचा दाखवला. "ये मिरची किस में की है?"

"निंबोळीवाले की, साहब."

"और दीजिए."

त्यानंतर नागपूर येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. माझी पीएच.डी. गेली हे मी उमरेडच्या आधीच मान्य करून टाकलं. घरी जाऊन वडिलांना सांगितलं, आता मागावर बसतो. वडील म्हणाले, "येवढी घाई काहून करून राहिला? पत्र तं येऊ दे!"

दीड महिन्याने दिल्लीचं पत्र आलं. सरांनी ते उभ्यानेच फोडलं. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सरांनी पत्र एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

योजनेला आणखी तीन वर्षं मंजूर. खाली एकच अट होती:

"पुढील हंगामापासून कंट्रोलचे वाफे दोन ठेवावेत. त्यांपैकी एकात झाडे असावीत."