सुषमाची सहा मिनिटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय? कारण धड सांगता येत नाही. पण आता हे पोटात राहत नाही.

मी बुलढाण्यात एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावच्या बाजारात, बसस्टँडवर हिंडते. मुलं विचारतात, मॅडम, लोक तुमच्याशी इतकं मोकळं कसं बोलतात? मी म्हणते, सवयीनं. खरं म्हणजे मला जे काही येतं ते एका मुलीनं शिकवलं. तिचे उपकार मी रोज वापरते — आणि तिचं नाव कधी घेत नाही.

सुषमा. डोणगावची. एम.ए.ला माझ्या वर्गात, होस्टेलात माझ्याच खोलीत. तिची आई बाजारात भाजी विकायची. माझे वडील कचेरीत कारकून. माझ्या तोंडून चुकून 'मला'ऐवजी 'मले' निघालं तरी ते चष्म्यावरून बघायचे. सुषमा मात्र घरात बोलायची तशीच वर्गातही बोलायची.

आम्हा दोघींचा मिळून एक प्रकल्प होता. खेड्यांतून दिवसभरासाठी शहरात येणाऱ्या बायका शहरात बसतात कुठं? त्यासाठी आम्ही मलकापूर निवडलं होतं. मी एक लांबलचक प्रश्नावली तयार केली होती. बायका प्रत्येक प्रश्नाला 'हाव बाई, हाव बाई' म्हणायच्या आणि उठून जायच्या. दोन दिवस असे गेल्यावर सुषमानं माझे कागद पिशवीत कोंबले आणि स्टेशनच्या रस्त्याला मेथी घेऊन बसलेल्या एका बाईशेजारी चक्क मातीत फतकल मारली. आधी स्वतःच्या आईचं सांगितलं. मग नुसतीच बसून राहिली. बाईजवळ पाण्याची भरलेली बाटली होती. ती मधूनमधून मेथीवर शिंपडायची.

"मावशी, भाजीले पाणी पाजून राह्यल्या, अन् सोता काऊन नाई पेत?"

बाई हसली. "पेलं तं जावं कुठी, बाई?"

बस्स. आमचा सगळा प्रकल्प त्या एका उत्तरात होता. सकाळी घर सोडल्यापासून परत पोचेपर्यंत या बायका पाणी पीत नव्हत्या. आडोसाच नव्हता कुठं. त्यानंतर सुषमानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला — कुठल्या वेळी सावली कुठं असते, तिथं कोण बसू देतं, कोण हाकलतं. मी फक्त तो नीट टाइप केला.

पुण्याला विद्यार्थ्यांची परिषद होती, शहरांवरच्या संशोधनाची. आमचा निबंध निवडला गेला. बारा मिनिटं मिळणार होती. आमचे सर म्हणाले, सहा-सहा मिनिटं दोघींनी बोला.

आणि मी सुषमाला सांगितलं, सर म्हणतात एकीनंच बोलायचं. सरांना सांगितलं, सुषमा घाबरते, तिला बोलायचं नाही.

दोन्ही वाक्यं एकाच दुपारी. जीभ जराही अडखळली नाही.

का केलं असं? कित्येक वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आले — तिच्या बोलण्याला पुण्यातले लोक हसले असते, मी तिला त्यातून वाचवलं. किती बरं वाटतं ना असं म्हणायला? पण त्याच्या आदल्या आठवड्यात होस्टेलात आम्ही तालीम केली होती. सुषमानं तोंड उघडलं तेव्हा दोघीतिघी हसल्या होत्या, हे खरं. पण मेथीवाल्या बाईची गोष्ट आली आणि त्याच पुढं सरकून बसल्या. मग सगळ्या तिलाच प्रश्न विचारत राहिल्या. मी शेजारी उभी होते. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

खरं कारण हे आहे. ती माझ्यापेक्षा चांगली बोलत होती — आणि ते मला सोसलं नाही.

पुण्यात बारा मिनिटं मी बोलले. शुद्ध बोलले. शेवटी एका वयस्कर बाईंनी विचारलं, ते पाण्याचं निरीक्षण कुणाचं? मी म्हणाले, माझं. सुषमा तिसऱ्या रांगेत होती. तिनं ऐकलं नसेल? समोरच तर बसली होती. टाळ्या वाजल्या, तिच्याही. मग ती माझ्यासाठी चहा घेऊन आली.

"भारी बोलली व तू! मले तं घामच फुटला असता."

त्या बाईंनी मला त्यांच्या प्रकल्पात घेतलं. पुढचं सगळं त्यातून झालं — पीएच.डी., नोकरी, तुम्ही मला ज्या नावानं ओळखता ते नाव. सुषमा डोणगावला परतली आणि ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसली. तक्रार? कधीच नाही. दिवाळीला न चुकता तिचाच फोन. माझ्या बाळंतपणात आठ दिवस येऊन राहिली. मी कुठल्या तोंडानं तिच्या हातचं खाल्लं असेल?

गेल्या हिवाळ्यात तिनं मला डोणगावला एका उद्घाटनाला बोलावलं. बाजाराच्या जागेत बायकांसाठी संडास आणि टिनाची शेड झाली होती. त्यासाठी ती तीन ग्रामसभांत उभी राहिली होती. पहिल्या सभेत तिला खाली बसवलं. दुसऱ्या सभेला तिनं बाजारातल्या सगळ्या बायका सोबत नेल्या.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा माईकवर ऐकलं. हातात कागद नाही. बाया हसत होत्या, डोळे पुसत होत्या, मधूनच 'हाव हाव' म्हणत होत्या. मला पुण्याचा तो हॉल आठवला. तिथल्या लोकांना काय ऐकायला मिळालं असतं!

मग तिनं माझा हात धरून मला पुढं ओढलं. "हे माही मैत्रीण. पुण्याले मोठमोठ्या लोकाइसमोर आपली गोठ हिनंच सांगतली. हिले पाहूनच मी उभं राहून बोलाले शिकली."

तिच्या म्हाताऱ्या आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

माईक माझ्या हातात होता. सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी नमस्कार केला, दोन गोड वाक्यं बोलले आणि खाली उतरले.

मला मिळालं ते सगळं तिच्याकडून मिळालं. हे म्हणताना मन खरोखर भरून येतं, आणि ते तिच्याकडून मी काढून घेतलं, हेही तितकंच खरं. एकामुळं दुसरं कमी होत नाही.

सुषमा माझं छापून आलेलं सगळं वाचते. हेही वाचेल. वाचून तिनं काय करावं हे मी ठरवायचं नाही. तिच्या वतीनं मी एकदा ठरवून बसले आहे.