सुंदरम्माची प्लेट

बिरदेवला वासावरून जंतू ओळखता येतात हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला तो स्वतःच सांगत असे. सांगोल्याकडचा धनगराचा पोर. कळपातली कुठली मेंढी आजारी पडणार हे त्याचा बाप तिच्या अंगाच्या वासावरून सांगायचा, तेच नाक लेकाकडे आलं होतं. सोलापुरातल्या त्या मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला लॅब होती. रोग्याचा पू, लघवी नाहीतर रक्त काचेच्या प्लेटमधल्या अगारच्या, म्हणजे खळीसारख्या घट्ट थरावर पसरायचं, प्लेट उबेत ठेवायची, की दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके उगवून येत. बिरदेव झाकण जरासं उचलायचा, नाक खाली न्यायचा आणि डोळे मिटून सांगायचा. पिकल्या द्राक्षासारखा गोडसर वास आला की हा जंतू, नासक्या मासळीचा आला की तो. बहुतेक वेळा बरोबरच निघायचं. लॅबचे डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम घेऊन यायचे आणि म्हणायचे, हे आमच्या लॅबचं नाक. त्या दिवशी बिरदेव चहात साखर जास्त घालून घ्यायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी सुंदरम्मा आली आणि या सुखात माती कालवली गेली.

ती शहराच्या पूर्व भागातली, चादरीच्या मागावर बसणाऱ्या घरातली. मिरजेहून लॅबचं शिक्षण घेऊन आलेली. केसांत अबोलीचा गजरा, बोलणं हळू, आणि कामाला बसली की मान वर करायची नाही. प्लेट नाकाशी न्यायची तर गोष्टच सोडा. ती प्लेटवरचा ठिपका तारेने उचलायची, वेगवेगळ्या साखरेच्या पाण्याच्या नळ्यांत सोडायची, आणि कुठल्या नळीचा रंग बदलला त्यावरून जंतूचं नाव काढायची. त्याला एक दिवस जास्त लागायचा. बिरदेव हसायचा. जे आपण एका श्वासात सांगतो त्याला हिला एवढा पसारा लागतो, असं बाटल्या धुणाऱ्या चंद्रव्वाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा.

मग एका गिरणी कामगाराचा नमुना आला. बिरदेवनं वास घेतला आणि सांगून टाकलं की हा पोटातला नेहमीचाच जंतू, काळजी नको. सुंदरम्मानं नळ्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी हळू आवाजात म्हणाली की हा टायफॉईडचा आहे. टायफॉईडचाच निघाला. डॉक्टरांनी बिरदेवला एका शब्दानं बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं. पण त्यानंतर ते लॅबच्या दारात आले की आधी विचारायचे, "सुंदरम्मा काय म्हणते?"

हे तीन शब्द बिरदेवच्या काळजात रुतून बसले. खिडकीजवळच्या चांगल्या उजेडाचा मायक्रोस्कोप हळूहळू तिचा झाला. वॉर्डातले डॉक्टर तिच्या टेबलाशी थांबायला लागले. तिच्याच विणकर समाजातल्या पद्मशाली बाया आल्या की ती त्यांच्याशी तेलुगूत बोलायची आणि बाया तिला आशीर्वाद देऊन जायच्या, तेही याला बघवेना. ती नम्र होती, बिरदेवभाऊ म्हणायची, घरून आणलेला डबा पुढे करायची. उर्मट असती तर चार माणसांत नावं ठेवता आली असती. तशी सोय तिनं ठेवली नव्हती, म्हणून तो आणखी जळायचा. तिच्या हातून एक तरी प्लेट फुटावी, एक तरी नाव चुकावं, अशी त्यानं सिद्धेश्वराला मनोमन गळ घातली होती. देवानं कानाडोळा केला.

पावसाळा सरता सरता मंगळवेढ्याकडचा एक मेंढपाळ वॉर्डात दाखल झाला. कित्येक आठवडे संध्याकाळी ताप, अंथरूण भिजेल असा घाम, कंबर धरलेली. टायफॉईड नाही, हिवताप नाही. त्याच्या रक्ताची बाटली उबेत ठेवली होती. आठवडाभर काही उगवलं नाही, तेव्हा बिरदेव म्हणाला, ओतून टाकू. सुंदरम्मा म्हणाली, मेंढ्याबकऱ्यांत राहणारा माणूस आहे, अजून ठेवू. ठेवली. आणि पुढे त्यातलं थेंबभर रक्त पसरलेल्या तिच्या प्लेटवर दवासारखे बारीक थेंब उगवले.

तिनं प्लेटच्या कडेला सगळीकडून चिकटपट्टी लावली आणि पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलली. "बिरदेवभाऊ, ही उघडू नका. मला ब्रुसेलाचा संशय आहे. हा शेळ्यामेंढ्यांचा जंतू, श्वासातून अंगात जातो. हिचा वास तर अजिबात घेऊ नका."

ऐकून बिरदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेळ्यामेंढ्यांचं ही आपल्याला सांगणार? जन्म ज्यांच्या लेंड्यांत गेला त्यांच्या जंतूची ओळख ही मागावरच्या घरातली पोरगी करून देणार? आणि याच नाकाला, ज्याच्यावर लॅब चालली, त्याला मनाई? वरताण म्हणजे डॉक्टरांनी मान डोलावली.

दुपारी ती डबा खायला गेली. चंद्रव्वा नळावर होती. बिरदेवनं नखानं पट्टी सोडवली, झाकण उचललं आणि चांगला छाती भरून वास घेतला. नाव तिच्या आधी सांगायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. वास काहीच नव्हता. त्यानं पुन्हा घेतला. तरी काही नाही. मग पट्टी जमेल तशी परत लावली, एक कड जरा वाकडी बसली, आणि हात धुऊन जाग्यावर बसला. दोन दिवसांनी सुंदरम्मानं चाचणी पुरी केली, ब्रुसेलाच निघाला. डॉक्टरांनी मिठाई मागवली. बिरदेवनं आपला पेढा चंद्रव्वाला देऊन टाकला.

दिवाळीच्या तोंडाला त्याला संध्याकाळचा ताप येऊ लागला. मग घाम, मग कंबर. हे काय आहे ते त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. दुसऱ्या कुणाला कळणार? पण सांगायचं म्हणजे पट्टी कुणी सोडवली तेही सांगायचं, आणि ते सुंदरम्माच्या कानावर जाणार. त्यापेक्षा ताप बरा. तो गोळ्या खाऊन कामावर यायचा आणि भिजलेला सदरा लपवायचा. शेवटी बाकावरून उठता येईना तेव्हा त्याला वॉर्डात टाकलं. याचं रक्त ब्रुसेलासाठी तपासा, असं डॉक्टरांना सुचवलं तेही सुंदरम्मानंच. ब्रुसेलाच निघाला.

डॉक्टर खाटेशी बसून म्हणाले, "तू गावाकडे कच्चं दूध पितोस ना रे?"

बिरदेवनं छताकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय. गेल्या खेपंला शेळीचं प्यालो हुतो."

असा प्रश्न मिटला. इंजेक्शनं सुरू झाली, ताप उतरणीला लागला. गावाला निरोप गेला की शेळीच्या दुधातून दुखणं आलंय, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका.

पुढच्या आठवड्यात आई आली. बाळाबाई. पायात धूळ, काखेत भाकरीचं गठुडं. त्याच वेळी सुंदरम्मा त्याचं रक्त घ्यायला खाटेशी उभी होती. म्हातारीनं लेकाच्या कपाळावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. म्हणाली, तांबडीला कसायाला दिली. घरात पाळलेली, हाकेला येणारी शेळी. दावं सोडताना ती मागं वळून वळून बघत होती, पण जिनं माझ्या लेकाला दुखणं दिलं तिला ठेवू कशी?

"पर दूद तर मी उकळलंच हुतं रं," ती म्हणाली. "तू शिकवल्यापासनं उकळतीच की. माजंच कायतरी चुकलं असंल. मीच पाजलं तुला हे."

बिरदेवच्या जिभेवर शब्द आला होता. पण समोर सुंदरम्मा सुई धरून उभी होती, आणि तिच्यासमोर ते बोलायचं म्हणजे मेल्यापेक्षा वाईट. तो भिंतीकडं वळला.

सुंदरम्मानं सुई ट्रेमध्ये ठेवली. "मावशी, दुधातून नाही झालं," ती म्हणाली. "आमच्या लॅबमध्ये एक प्लेट होती, तिची पट्टी नीट बसली नव्हती. ती माझी प्लेट होती. चूक माझी."

बिरदेवला कळलं, पट्टी वाकडी बसल्याचं हिनं त्याच दिवशी बघितलं होतं. एवढे दिवस हिला ठाऊक होतं, आणि ही गप्प होती.

म्हातारी चिडेल, चार शिव्या घालेल, असं त्याला वाटलं. खरं तर त्यानं तशी आशाच केली. बाळाबाई उठली. खरबरीत हातांनी तिनं सुंदरम्माचं तोंड कुरवाळलं आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. "आपली चूक तोंडानं कबूल कराया लई मोटं मन लागतं, लेकी," ती म्हणाली. "अशी लेक माज्या पोटी का न्हाय आली?"

डॉक्टर तिच्या बाजूला गेले होते, खिडकीचा मायक्रोस्कोप गेला होता, ते सगळं त्यानं कसंबसं गिळलं होतं. आता आईचीही बोटं तिच्यासाठी मोडली. आणि कशासाठी? जी चूक तिची नव्हतीच तिच्यासाठी! ती चूक बिरदेवची होती. तीसुद्धा हिनं उचलून न्यावी आणि वर आशीर्वाद घ्यावा, हे त्याला सोसेना. भीतीनं आणि लाजेनं इतके दिवस जे बाहेर आलं नव्हतं, ते जळफळाटानं आलं.

तो कोपरावर उठून बसला. "खोटं बोलती ती," तो म्हणाला. "ती पट्टी मी सोडली, आई. हिनं नगं म्हनून सांगितलं हुतं, तरी मी सोडली. वास घेतला. चूक माजी हाय, हिची न्हाय."

बाळाबाईचे हात अजून आपल्या कानशिलांजवळच होते. ते तिनं सावकाश खाली घेतले आणि लेकाकडं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, तिला नुसतं समजून घ्यायचं होतं.

"मंग माज्या तांबडीला का रं घालवाया लावलीस?" तिनं विचारलं.