प्लेटवरचं नाव

कोल्हापुरात संगीत कुणाला कळतं, असं कुणी नुसतं विचारलं तरी राजारामपुरीतले यज्ञेश्वर आष्टेकर, म्हणजे आपले तात्या, घसा खाकरून पुढं सरकायचे. तरुणपणी एका नाटक कंपनीत दुसरी पेटी वाजवली आणि पुढं वीस वर्षं पेटीचा क्लास चालवला, एवढीच त्यांची कमाई. पण तोरा असा, की सातही सूर यांच्याच घरी जन्माला आले! एक गोष्ट मात्र त्यांना आतून कुरतडायची. क्लासातल्या दोन मुलींच्या गाण्याच्या ग्रामोफोन प्लेटा निघाल्या, आणि गुरुजींचं नाव कुठल्याच प्लेटवर नव्हतं. "मरायच्या आधी एक तरी प्लेट," हे ते रोज जेवताना बायकोला ऐकवायचे. कालिंदीकाकू "निघेल हो" म्हणून आमटी वाढायच्या. दुसरं काय करणार बिचारी?

चोपन्न साली त्यांच्याकडं कृष्णात आला. कबनूरचा कापड विणणारा मागवाला, तिशीचा गडी. महायुद्धात वळिवड्याच्या छावणीत आसऱ्याला आलेली पोलंडची माणसं परत निघाली, तेव्हा त्यांच्याकडून त्यानं एक गिटार घेतली होती. मागाच्या जळक्या मोटारीची तार लोहचुंबकावर गुंडाळून ती त्यानं गिटारीच्या तारांखाली बसवली आणि सगळं जुन्या रेडिओला जोडलं. त्याचा चुलतभाऊ बोटीवर खलाशी. त्यानं अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या तीन ताज्या प्लेटा आणून दिलेल्या. विजेवरची गिटार, आणि तिच्यावर जे दुःखाचं गाणं वाजवायचं त्याला तिकडं ब्लूज म्हणतात. दिवसभर मागाचा खडखडाट आणि घरी आलं की या तीन प्लेटा, असं त्याचं सहा वर्षांचं शिक्षण. त्या प्लेटा त्यानं मोठ्या आशेनं तात्यांना ऐकवल्या.

तात्यांनी नाक मुरडलं. "हा गंधार बघ. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. मधेच लोंबकळतोय! आणि आवाज किती फाटका!"

"त्यो मुद्दाम फाडलाय, तात्या. रडताना माणसाचा आवाज फाटतोयच की."

"तू आपला माग चालव, बाबा."

जन्मभर पेटीच्या पट्ट्या दाबणाऱ्याला दोन पट्ट्यांच्या मधे काही असतं हे कुठून कळणार? कान होते, पण नुसते टोपी अडकवायला.

पुढच्याच वर्षी मुंबईच्या एका प्लेट कंपनीचा माणूस रेकॉर्डिंगला कोल्हापुरात आला. क्लासची खोली ऐसपैस, म्हणून भिंतींना गोधड्या टांगून त्यानं तिथंच बस्तान मांडलं. तात्यांनी त्याला तीन दिवस पेटी ऐकवली, आणि तीनही दिवस तो "नंतर बघू" म्हणाला. चौथ्या दिवशी कृष्णात गिटार आणि रेडिओ घेऊन दारात उभा! तात्या फिदीफिदी हसले. "पाहुणे, हा मागवाला आहे बरं का." पण पाहुण्यानं दोन सूर ऐकले आणि सरळ यंत्र सुरू केलं.

कृष्णातनं डोळे मिटून तीन मिनिटं वाजवलं. शेवटचा सूर विरत आला, आणि तात्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. त्यांनी लहानपणी ऐकलेल्या जुन्या प्लेटांत गाणं संपलं की गाणारा आपलं नाव मोठ्यानं सांगायचा. नावाशिवाय प्लेट पुरी होत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कृष्णात तर गप्पच! मग नाव सांगणार कोण? तात्या उडी मारून माईकपाशी गेले आणि ओरडले, "यज्ञेश्वर आष्टेकर, कोल्हापूर!"

"अहो, ही पद्धत मोडून तीस वर्षं झाली!" रेकॉर्डिंगवाल्यानं कपाळावर हात मारला. पण टेप संपलेली, गाडीची वेळ झालेली. "मुंबईत तेवढं कापून टाकतो," म्हणाला आणि गेला.

कसलं कापतोय! तो विसरला, आणि तिथल्या कुणा कारकुनानं ऐकलं तेच नाव लेबलावर छापलं. इलेक्ट्रिक गिटार, यज्ञेश्वर आष्टेकर.

आता तरी खरं बोलावं की नाही? कृष्णात प्लेट घेऊन आला, तेव्हा तात्यांच्या गळ्यात क्लासच्या मुलींनी घातलेला हार होता. तो काढायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. "छपाईची चूक रे. पुढच्या खेपेला दुरुस्त करू," म्हणाले. कृष्णात प्लेट उचलून निघून गेला. गावात प्लेट गाजली. ज्या गंधारावर तात्या थुंकले होते, त्याच गंधाराबद्दल ते आता चौकात व्याख्यान द्यायला लागले. निर्लज्जपणाला काही सुमार? आणि जयसिंगपूरच्या व्यापाऱ्यांनी गणपतीत वादनाचं आमंत्रण दिलं, तेव्हा या गृहस्थानं नारळ आणि शाल बिनदिक्कत घेतली!

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मात्र तात्यांची पाचावर धारण बसली. ते धावतपळत कबनूरला गेले.

"कृष्णात, तू पडद्यामागं बसून वाजव. मी पुढं नुसता बसतो. माझी अब्रू तुझ्या हातात आहे."

कृष्णातनं माग थांबवला. "तात्या, मला लई राग आला हुता. सहा वर्सं मी जिवाचं रान केलं, आन् प्लेटवर तुमचं नाव. वाटलं हुतं, एक दिस तुमी याल आन् 'चुकलो' म्हणाल."

"ते झालं रे. आजचं बोल."

 कृष्णातचा राग तिथंच संपला, कारण राग धरायला समोर माणूस तरी पाहिजे. तो आत गेला आणि रेडिओ, गिटार दोन्ही आणून त्यानं तात्यांच्या पायाशी ठेवलं.

"न्या. नाव तुमचं हाय, वाजवा की तुमीच."

कुठलाही शहाणा माणूस तिथून मान खाली घालून परतला असता. तात्यांनी गिटार काखेत मारली, रेडिओ उचलला, आणि दारात थांबून विचारलं, "ही वायर कुठं लावायची रे?"