शत्रूसाठी बांधलेले जिने

ओरछ्याच्या महालात मी वाटाड्या नाकारला आणि वाट चुकलो. सूर्य मावळत होता. खाली पहारेकरी एकेक दरवाजा लावत होता आणि मी कुठलाही जिना धरला तरी तो मला फिरवून पुन्हा त्याच गच्चीवर आणून सोडत होता. समोर देवळांचे कळस काळे पडू लागले. राजा गेला, शत्रूही गेले, पण दगडाला ते कुणी कळवलंच नाही. तो अजून इमानाने माणसं चकवतोय, या विचाराने अंगावर काटा आला.

तेवढ्यात खालच्या चौकातून बायको ओरडली, "अहो, उतरा! दार लावतायत!"

मी कठड्यावरून वाकून म्हणालो, "अगं, हे जिने शत्रूला चकवायलाच बांधलेत!"

"शत्रूनंसुद्धा वाटाड्या घेतला असता!"