ईशान्येचा संडास

मुलीला सातवीत मध्ययुगीन युरोपवर मॉडेल करायचं होतं. बाकीच्यांनी किल्ले घेतले, हिनं ख्रिस्ती मठातले संडास. "बाबा, दे वर सो स्मार्ट!" ओढ्याचं पाणी मठात वळवायचं, आधी स्वयंपाकघराला, मग हात धुवायला, आणि तेच वापरलेलं पाणी शेवटी संडासांच्या ओळीखालून सोडायचं. सोमवारी वर्गात खरं पाणी सोडून दाखवीन, असं ती सगळ्यांना सांगून बसली होती. मी इतका खूश झालो की ऑफिसचं काम टाकून पुठ्ठा कापायला बसलो.

नागपूरहून आलेली आई चष्मा लावून नकाशा बघायला आली.

"ईशान्येला संडास? अरे, देवाची माणसं ना ती?"

"आई, हे युरोपातलं आहे."

"दिशा काय तिकडे वेगळ्या असतात?"

या वयातही आईपुढे माझं चालत नाही. मुलगी स्विमिंगला गेली तेवढ्यात मी संडास आणि स्वयंपाकघर यांची अदलाबदल करून ग्लू गननं चिकटवून टाकलं. इतकं पक्कं काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

ती आल्यावर चाचणी. तिनं संडासात मोहरी टाकली (कशाच्या ऐवजी, ते सांगत नाही) आणि ओढ्याकडून पाणी ओतलं. मोहरी तरंगत थेट स्वयंपाकघरात!

"बाबा! यू पॉइझन्ड द मंक्स!"

"अगं, आजी म्हणाली..."

"माझ्यावर ढकलू नकोस," आई म्हणाली. "मी दिशा सांगितली. उतार तुझा."

"आणि मोहरी माझी," बायको म्हणाली. "फोडणीला काय घालू आता?"

मुलीचे ओठ थरथरायला लागले. मी घाईघाईनं स्वयंपाकघर उपटायला गेलो, तर नुसतं छप्पर हातात आलं.

"डोंट टच एनिथिंग!"

मग ती टेबलाशी वाकली, एक डोळा मिटून उतार बघत राहिली. एका टोकाखालची पुस्तकं काढून तिनं दुसऱ्या टोकाखाली सरकवली, तिकडे निळा ओढा रंगवला आणि पाणी सोडलं. स्वयंपाकघर, हात धुणं, संडास. मोहरी सरळ बाहेरच्या ट्रेमध्ये!

"बघ, आता ईशान्यही सुटली," आई टाळ्या वाजवत म्हणाली.

सोमवारी आम्ही सगळे वर्गात मागे उभे होतो. मोहरी बाहेर पडली तशी पोरांनी आरडाओरडा करून वर्ग डोक्यावर घेतला. तो ओसरल्यावर बाईंनी विचारलं, स्वयंपाकघराला छप्पर का नाही?

"माय डॅड हेल्प्ड," मुलगी म्हणाली.

सगळ्या वर्गानं समजूतदारपणे मान डोलावली.