येतो, आबा

नीरेला पूर आला तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही छावणी चालवत होतो. कोणतं आरोग्यपथक कोणत्या वस्तीवर जाईल, हे रोज सकाळी बैठकीत ठरायचं. बारामतीहून येणारी पथकं शाळेवर आपापले फलक बांधायची आणि डांबरी रस्त्यालगतच्याच वस्त्या मागून घ्यायची. फलकांना पाण्याची भीती वाटत असावी.

दाराशी एक म्हातारा उकिडवा बसायचा. ओढ्याच्या कमरेइतक्या पाण्यातून तो चालत यायचा, म्हणून भर उन्हातही त्याचं धोतर निथळत असायचं. पलीकडच्या वस्तीवर त्याची बायको तापानं फणफणली होती. आपल्याकडं निघताना 'जातो' म्हणत नाहीत. त्यामुळे बाहेर पडणारा प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, "येतो, आबा."

पापणीही न लववता म्हातारा विचारायचा, "कवा?"

एक डॉक्टर हसला. "अहो आबा, तुमच्याकडं दुसरं पथक गेलंय की."

"ते बी येतो म्हणूनच गेल्यात."

मी बैठकीत टेबलावर हात आपटला. कुणीच उठेना, तेव्हा एका नर्सताईंना ट्रॅक्टरवर बसवून मीच त्याच्याबरोबर निघालो.

घराच्या दारातून त्यानं हाक दिली, "आली बघ माणसं!" आतून ओ आली नाही. नर्सताईंनी बाजेवरच्या म्हातारीचा हात उचलला, नाडी पाहिली आणि हळूच खाली ठेवला.

म्हातारा आमच्यासाठी घोंगडं अंथरत होता.

"बसा," तो म्हणाला. "येते म्हणालीय ती."

'कवा?' न विचारता मी घोंगड्यावर बसलो.