वर नेलेली माती

पावसाळा सरला की शेजारची पारूमावशी उताराच्या शेतातून वाहून बांधाशी साठलेली माती टोपलीत भरते आणि डोक्यावरून पुन्हा वर नेऊन टाकते. दरवर्षी. यंदा मी म्हटलं, "मावशी, पुढच्या पावसात ती परत खालीच येणार ना?"

"येऊ दे की," ती म्हणाली. "मी कुठं जातेय?"

पाण्याचा मला रागच येतो. त्याला कष्ट नाहीत. नुसतं खाली धावायचं आणि वाटेत सैल दिसेल ते घेऊन जायचं. आपलं बरंच काही असंच जातं, आणि चालायचंच म्हणून आपण मोकळे होतो.

मीही एक टोपली उचलली. वर पोचेपर्यंत मान अवघडली. मावशीनं माती उघड्या कातळावर पसरली, पायानं दाबली आणि रिकामी टोपली माझ्या हातात दिली.

"पावसाला अजून आठ महिने आहेत. चल."